आधी डिस्ट्रिब्युटरचा नंबर वाचा

जुन्या एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या, फोक्सवॅगन बसचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, कितीवर ठेवू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पाठवणारा भाग, कुठला आहे? त्यावर बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. गाडी कुठल्या सालची, इंजिन किती सीसीचं, वर उघडणारं छप्पर मूळचं की मागाहून बसवलेलं, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर ठोकलेला नंबर मात्र कुणी पाहिलेला नसतो, कारण तो काळ्या तेलकट थराखाली असतो आणि वाचायचा तर गुडघे टेकून, मान वाकडी करून, फडक्याने घासावं लागतं.

मॅन्युअलमध्ये छापलेला टायमिंगचा आकडा हा कारखान्यातून त्या गाडीबरोबर आलेल्या डिस्ट्रिब्युटरपुरता असतो. डिस्ट्रिब्युटर बदलला की त्या आकड्याचा संबंध संपला. आणि इतक्या वर्षांत डिस्ट्रिब्युटर बदललाच नाही, अशी बस विरळाच. माझ्याकडे आली तेव्हा माझ्या बसमध्येही वेगळाच होता.

माझी बस १९७१ची, पुढे एकसंध मोठी काच असलेली, जिला लोक बे विंडो म्हणतात ती. इंजिन १६०० ड्युअल पोर्ट. बोअर ८५.५, स्ट्रोक ६९, म्हणजे खरे १५८४ सीसी. ताकद ५० हॉर्सपॉवर, तीही ४,००० आरपीएमला. या ५० घोड्यांनी कपाट, सिंक, पाण्याची टाकी, बिछाना आणि माणसं ओढायची, समोरून सपाट भिंतीसारखा चेहरा घेऊन वारा कापायचा. सामान भरलेली कँपर दोन टनांच्या घरात जाते. बीटलमध्ये जवळपास हेच इंजिन मजेत चालतं, म्हणून बीटलवाल्यांचे सल्ले बसला जसेच्या तसे लावू नयेत. बीटल चढावर क्षणभर दमते. बस तासभर पूर्ण थ्रॉटलवर असते, आणि टायमिंग चुकलं असेल तर त्या तासाभरात सिलिंडर हेड भाजून निघतात.

आता टायमिंग म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. ठिणगी पडल्याबरोबर सगळं मिश्रण एकदम जळत नाही. ज्योत प्लगपाशी सुरू होऊन पसरत जाते, त्याला वेळ लागतो. दाब सर्वांत जास्त व्हायला हवा तो पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला पोचून जरासा खाली वळल्यावर. म्हणून ठिणगी आधीच टाकावी लागते. किती आधी, हे वेगावर ठरतं. ८५० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ५ अंश फिरतो. ३,५०० आरपीएमला त्याच एका मिलिसेकंदात २१ अंश. ज्योतीला लागणारा वेळ तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी टाकावी लागते. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. शाफ्ट जोरात फिरला की वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंग त्यांना आत ओढतात, आणि या ओढाताणीतून पॉइंट, म्हणजे ज्यांच्या उघडण्याने ठिणगी पडते ते संपर्क, उघडायची वेळ पुढे सरकते. किती सरकते, कुठल्या वेगापासून सरकायला लागते आणि कुठे थांबते, हे प्रत्येक डिस्ट्रिब्युटरचं वेगळं असतं.

काही डिस्ट्रिब्युटरना कार्बोरेटरकडून व्हॅक्यूमची नळीही येते, तिच्या ओढीनेही टायमिंग बदलतं. या १६०० इंजिनाला पूर्ण वेगात, ती नळी काढलेली असताना, साधारण २८ ते ३२ अंश ॲडव्हान्स लागतो, म्हणजे ठिणगी टीडीसीच्या तेवढे अंश आधी. इंजिनाची गरज म्हणायची तर ती ही. आयडलचा, म्हणजे पेडल सोडलेलं असतानाचा, आकडा म्हणजे नुसतं सुरुवातीचं ठिकाण. तिथून निघून तुमचा डिस्ट्रिब्युटर वर २८-३२ला पोचला की झालं. कुणाचं आयडल ७.५वर येईल, कुणाचं १०वर. त्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

ओळखीतला एक मुलगा मध्यंतरी आला होता. बस नवी घेतलेली, म्हणजे त्याच्यासाठी नवी. चढावर ओढत नाही, तेल पातळ होतं, तेलाच्या दाबाचा दिवा आयडलला लुकलुकतो, अशी तक्रार. म्हणाला, "ताई, मी पुस्तकाप्रमाणे केलंय, टीडीसीनंतर ५ अंश. टायमिंग लाईट लावून केलंय, अंदाजाने नाही." टायमिंग लाईट म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, त्याच्या उजेडात पुलीवरची खूण बघायची. काम अगदी नीटनेटकं केलं होतं, खूण पांढऱ्या रंगाने रंगवलेली. पुस्तकही बरोबर होतं. त्याच्या सालच्या गाडीला कारखान्यातून दोन नळ्यांचा डिस्ट्रिब्युटर आला होता. एक नळी ॲडव्हान्सची, दुसरी रिटार्डची. आयडलला रिटार्डची नळी धुराच्या नियमांसाठी टायमिंग मुद्दाम मागे ओढून धरते. पेडल दाबलं की ती ओढ सुटते आणि टायमिंग झटकन पुढे जातं. म्हणून तिथे टीडीसीनंतर ५, दोन्ही नळ्या जोडलेल्या असताना. पण त्याच्या इंजिनात आता होता बॉशचा ००९, ज्याला नळीच नाही. मी फडक्याने पुसून त्याला नंबर दाखवला: ० २३१ १७८ ००९. यात फक्त वजनं. उणे ५, म्हणजे टीडीसीनंतर ५ पासून सुरू केलं तर हा वीस-बावीस अंश चढून पंधरा-सतरावर थांबणार. पाहिजेत तीस. उशिरा पेटलेलं मिश्रण पिस्टनला ढकलण्याऐवजी जळत जळतच एक्झॉस्टमधून बाहेर पडत होतं, आणि जाता जाता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि हेड तापवत होतं.

उशिरा ठेवलं की इंजिन सुरक्षित, हा समज फार पसरलेला आहे. नॉकिंगपासून, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांपासून, सुरक्षित असेल, उष्णतेपासून नाही. एअर-कूल्ड इंजिनात दोन्ही बाजूंना खड्डा आहे.

दुसरा खड्डा जास्त ॲडव्हान्सचा. तो ००९वाल्यांच्या वाट्याला हमखास येतो, आणि कारण समजण्यासारखं आहे. व्हॅक्यूम नसलेल्या डिस्ट्रिब्युटरला इंजिनावर भार किती आहे ते कळत नाही, त्याला फक्त वेग कळतो. हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, ते सावकाश जळतं, त्याला जास्त ॲडव्हान्स हवा असतो. व्हॅक्यूम तो देतो, ००९ देत नाही. त्यामुळे आयडलवरून पेडल दाबलं की गाडी क्षणभर गचका खाते, मग उचलते. मूळच्या ३४ पिक्ट-३ कार्बोरेटरबरोबर तर हा गचका ठरलेला. तो घालवायला लोक डिस्ट्रिब्युटर जरा पुढे फिरवतात. गचका कमी होतो, गाडी चपळ वाटते, सगळे खूश. वर मात्र आकडा ३६-३८वर गेलेला असतो, आणि तो पाहायला कुणी टायमिंग लाईट लावत नाही.

नॉकिंग झालं तर कानाला कळेलच ना, असं म्हणणारे भेटतात. पाण्याने थंड होणाऱ्या, पुढे इंजिन असलेल्या गाडीत कळतं. बसमध्ये मी बसते पुढच्या चाकांवर, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि मध्ये अख्खा संसार. त्यात तो पंखा. चढावर पूर्ण थ्रॉटलला पंख्याच्या घोंगावण्यात नॉकिंग ऐकू येणं जवळपास अशक्य. ऐकू येईपर्यंत पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडलेले असतात. म्हणून कानावर टायमिंग लावणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे, पण माझ्या बसला मी त्यांना हात लावू देत नाही.

आता माझी पद्धत.

टायमिंगच्या आधी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट, थंड इंजिनावर, ०.१५ मिलिमीटर. मग पॉइंट. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर, आणि ड्वेल, म्हणजे पॉइंट जितके अंश मिटलेले राहतात तो कोन, मोजायचा मीटर असेल तर ४४ ते ५० अंशांत. मग टायमिंग. मग कार्बोरेटर. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण फट बदलली की टायमिंग आपोआप बदलतं. फट मोठी केली तर पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ॲडव्हान्स. लहान झाली तर रिटार्ड. ड्वेल एक अंशाने हललं की टायमिंगही साधारण क्रँकच्या एका अंशाने हलतं. टायमिंग लावून झाल्यावर "आता पॉइंट जरा साफ करू" म्हणणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.

इंजिन फिरवायला जनरेटरच्या पुलीवरच्या नटाला २१चा पाना लावते. बेल्ट ढिला असेल तर तो नुसता घसरतो, मग खालच्या पुलीच्या ३०च्या बोल्टवर जावं लागतं. प्लग काढले तर इंजिन हाताला हलकं लागतं. मागून पाहिलं की क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतो, डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटरही त्याच दिशेने, निम्म्या वेगाने.

खुणांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. या पुल्या दर काही वर्षांनी बदलत गेल्या. कुठे एक खाच, कुठे दोन, कुठे तीन. कुठली खाच टीडीसीची आणि कुठली साडेसात अंशांची, ते सालाप्रमाणे वेगळं. काही पुल्यांवर टीडीसीची खाच मुळी नाहीच. शिवाय एका इंजिनाची पुली दुसऱ्याला बसते, त्यामुळे तुमच्या पुलीचा जन्म कुठला, ते कोण सांगणार. म्हणून एकदाच बसून टीडीसी स्वतः शोधून ठेवावं.

प्लगच्या भोकातून काडी घालून पिस्टन वर आला का ते चाचपण्यात दम नाही. टीडीसीच्या आसपास क्रँक कितीतरी अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम हलतो, काडीला काय कळणार? त्याऐवजी जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून काढायचं, त्याच्या धातूच्या कवचात गोल टोकाचा बोल्ट पक्का करायचा, आणि तो एक नंबरच्या भोकात बसवायचा. मग इंजिन हाताने, अगदी हळू, पिस्टन बोल्टला टेकेपर्यंत फिरवायचं. क्रँककेसचे दोन अर्धे जिथे जुळतात ती सरळ उभी रेघ हाच इथला काटा. तिच्यासमोर पुलीवर खूण करायची. मग उलट दिशेने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधोमध टीडीसी. यात घाई किंवा जोर नको, पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे. स्टार्टर मारायचा विचारही मनात आणायचा नाही.

मग ३० अंशांची खूण. अंश छापलेली पुली विकत मिळते, पण कागदाच्या पट्टीने तेच काम होतं. पुलीच्या कडेभोवती पट्टी गुंडाळायची, जिथे टोक भेटतं तिथे कापायची. ही झाली ३६० अंशांची पट्टी. तिची अर्धी घडी, पुन्हा अर्धी, म्हणजे ९०. त्या पावपट्टीचे तीन सारखे भाग केले की ३० अंश. एक तुकडा कापून घ्यायचा, टीडीसीच्या खुणेपासून उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने लावायचा, आणि टोकाशी रंगाचा ठिपका द्यायचा. उजवीकडे का, तर पुली वरच्या काठाला डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे जी खूण काट्यापाशी आधी पोचायला हवी ती उजवीकडे असणार. त्याच तुकड्याची दोनदा अर्धी घडी घातली की साडेसात अंशही हातात येतात. मी दोन रंग वापरते, टीडीसी पांढरा आणि तीस पिवळा. दोन्ही पांढरे ठेवले तर लाईटच्या लुकलुकीत कुठला कुठला ते कळत नाही.

पॉइंट नुकतेच बदलले असतील आणि इंजिन सुरूच व्हायचं असेल तर आधी बल्बने स्टॅटिक, म्हणजे इंजिन बंद असतानाचं, टायमिंग करते. इंजिन थंड किंवा कोमट हवं. रोटरचं तोंड डिस्ट्रिब्युटरच्या कडेवरच्या छोट्या खाचेकडे आहे ना ते पाहायचं. ती खाच एक नंबर सिलिंडरची. एक नंबर म्हणजे गाडीच्या उजव्या बाजूचा, पुढचा. ज्यांनी कायम पुढे इंजिन असलेल्या गाड्या केल्या आहेत ते इथे हमखास अडखळतात, त्यांना फॅन बेल्टजवळचा सिलिंडर एक नंबर वाटतो. बसमध्ये फॅन बेल्ट मागच्या टोकाला आहे. साडेसातची खूण रेघेवर आणायची. कॉईलच्या १ नंबरच्या टर्मिनलवरून, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे वायर जाते तिथून, एक वायर बल्बला आणि दुसरी बल्बवरून अर्थला. चावी ऑन. डिस्ट्रिब्युटरच्या गळ्याभोवतीच्या क्लॅम्पचा बोल्ट जरा सैल करून डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेने बल्ब विझेपर्यंत फिरवायचा, मग उलट दिशेने अगदी सावकाश. ज्या क्षणी बल्ब लागतो त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच थांबायचं आणि आवळायचं. चावी ऑन ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. पॉइंट मिटलेले असतील तर कॉईल तापत राहते.

एवढ्यावर गाडी सुरू होते आणि चालते. बरेच जण इथेच थांबतात. इंजिनाचं खरं टायमिंग मात्र अजून पाहायचंच आहे.

बॅटरी इंजिनाशेजारीच उजवीकडे आहे, त्यामुळे टायमिंग लाईटच्या वायरी लगेच पोचतात. तिसरी चिमट्याची वायर एक नंबरच्या प्लग वायरवर. व्हॅक्यूमची नळी असेल तर डिस्ट्रिब्युटरपासून काढून तिचं तोंड बंद करायचं. नाहीतर तिथून हवा ओढून मिश्रण विरळ होतं. इंजिन चांगलं गरम. आणि सैल बाह्या, मोकळे केस, लोंबणारं काहीही आधी आवरायचं. हे मी उगाच सांगत नाही. लाईट लावली की तिच्या लुकलुकीमुळे फिरती पुली डोळ्यांना थांबलेली दिसते. अगदी स्तब्ध, बोट लावून पुसावी अशी. ३,५०० आरपीएमला फिरणारी पुली आणि तिच्यावरचा बेल्ट तिथे आहे, हे स्वतःला मोठ्याने सांगत राहावं लागतं.

इंजिन मागे असल्याचा फायदा इथे मिळतो. पेडलवर माणूस बसवायला लागत नाही. एका हातात लाईट, दुसऱ्या हाताने कार्बोरेटरचा लिव्हर. रेस हळूहळू वाढवली की खुणा डावीकडे सरकायला लागतात. पांढरा ठिपका रेघेपासून दूर जातो, पिवळा जवळ येतो. आणखी रेस दिली की आणखी सरकतो, आणि एका ठिकाणी येऊन थांबतो. मग कितीही रेस दिली तरी तो हलत नाही. वजनं शेवटपर्यंत उघडली. तो थांबलेला पिवळा ठिपका रेघेवर आला पाहिजे, आणि तो यायला डिस्ट्रिब्युटर हलवायचा. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की ॲडव्हान्स, घड्याळाच्या दिशेने रिटार्ड. डिस्ट्रिब्युटर एक अंश हलला की क्रँकचे दोन अंश हलतात, त्यामुळे फिरवायचं म्हणजे खरं तर नुसतं ढोसायचं. बोल्ट आवळताना तो थोडा सरकतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा रेस देऊन पाहते.

माझा आकडा तीस. जास्त सामान घेऊन उन्हात डोंगर चढायचे असतील तर अठ्ठावीस. बत्तीसवर मी कधी ठेवत नाही. पेट्रोल कुठे कसं मिळेल ते सांगता येत नाही, आणि दोन अंशांनी जी ताकद वाढते ती बसमध्ये बसलेल्याला कळतही नाही.

मग रेस सोडून आयडलला आकडा किती येतो तो वाचते आणि डालड्याच्या जुन्या डब्यावरच्यासारखी चिकटपट्टी इंजिनाच्या झाकणाच्या आतून लावून तिच्यावर लिहून ठेवते. पुढच्या वेळी घाईत असले तर आयडलचा तो आकडा जुळवला तरी पुरतं. हा माझ्या डिस्ट्रिब्युटरचा, माझ्या बसचा आकडा. दुसऱ्याला मी तो सांगत नाही.

ज्या जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनंच नाहीत आणि सगळा ॲडव्हान्स व्हॅक्यूमवर चालतो, त्यांना हे लागू नाही. नळी काढून रेस दिली तर खूण जागची हलणारच नाही. त्यांचं बल्बने स्टॅटिक करायचं आणि व्हॅक्यूमचा पडदा फाटलेला नाही ना ते बघायचं. नळीच्या टोकाला तोंड लावून ओढायचं, आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ नळीच्या टोकाला लावून धरली तर तिथेच थांबली पाहिजे. लगेच परत आली तर पडदा गेला. १७००पासून २००० सीसीपर्यंतच्या मोठ्या इंजिनांत पंखा थेट क्रँकवर बसतो आणि खुणाही तिथेच असतात, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

खूण कशी सरकते हे पाहण्यात मला आकड्याइतकाच रस असतो. सरळ, एका लयीत सरकली तर डिस्ट्रिब्युटर ठणठणीत. अडकून मग टुणकन उडी मारली तर वजनं कोरडी पडली आहेत. रोटर काढला की खाली शाफ्टच्या टोकाला नमद्याचा तुकडा दिसतो, त्यावर तेलाचे दोन-चार थेंब. रेस सोडल्यावर खूण मूळ जागी परत येत नसेल तर स्प्रिंग थकल्या. आणि खूण एका जागी न राहता थरथरत असेल, एकाच्या दोन दिसत असतील, तर शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय, मग तुम्ही कितीही बारकाईने लावा, प्रत्येक सिलिंडरला वेगळं टायमिंग मिळणार.

थरथर सोडून आणखी एक गंमत दिसू शकते. फायरिंग ऑर्डर १-४-३-२. एक आणि तीन यांच्यात क्रँकची बरोबर एक फेरी, म्हणजे चिमटा एक नंबरवरून काढून तीन नंबरच्या वायरवर लावला तर तीच खूण त्याच जागी दिसायला हवी. काही जुन्या डिस्ट्रिब्युटरांत ती चार अंशांच्या आसपास उजवीकडे दिसते. बिघाड समजून लोक पॉइंट बदलतात, शाफ्ट बदलतात. पॉइंट उघडणाऱ्या कॅमचा तो एक उंचवटा मुद्दाम उशिरा उघडणारा घडवलेला आहे. जुन्या मांडणीत ऑईल कूलर पंख्याच्या कवचाच्या आत, तीन नंबरच्या वाटेतच उभा होता. त्या सिलिंडरला पोचणारी हवा आधीच तापलेली आणि अडलेली, म्हणून कारखान्याने त्याचं टायमिंग मागे ठेवलं. पुढे १९७१च्या मॉडेलपासून कूलर त्या वाटेतून बाजूला गेला आणि ही गरज कमी झाली. मला हा उपाय फार आवडतो. थंड करता येत नाही तर त्या एकट्या पोराकडून जरा कमी काम करून घ्या! डिस्ट्रिब्युटर तसा असेल तर टायमिंग नेहमी एक नंबरवरच बघायचं.

हेडच्या तापमानाचा मीटर लावणार असाल तर त्याचा सेन्सरही तीन नंबरच्या प्लगखालीच घाला, सर्वांत आधी तिथेच कळतं. टायमिंग लावून झाल्यावर मी एकाच ओळखीच्या चढावर गाडी नेते आणि तापमान कुठे स्थिरावतं ते पाहते. वाढतच राहिलं तर टायमिंगला दोष देण्याआधी इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या तपासते. एखादा पत्रा गहाळ असेल तर खालची गरम हवा पुन्हा पंख्यात जाते, आणि मग टायमिंग कितीही अचूक असून उपयोग नाही.

नवे पॉइंट बसवले असतील तर काहीशे किलोमीटरनंतर फट पुन्हा पाहावी. कॅमवर घासणारा ठोकळा सुरुवातीला भराभर झिजतो, फट कमी होते, टायमिंग मागे जातं. कॅमला ग्रीसचं बोट लावलेलं असेल तर ही झीज आटोक्यात राहते. बोट म्हणजे नखाएवढं. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं आणि ठिणगी जाते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घालू का, हा प्रश्न नेहमीचा. खुशाल घाला. फट आणि ठोकळ्याची झीज ही कटकट जाते. वजनं, स्प्रिंग, शाफ्टचा प्ले आणि व्हॅक्यूमचा पडदा मात्र आहे तसेच राहतात, त्यामुळे टायमिंग लाईटचं काम सुटत नाही. मॉड्यूल बसवल्यावर तीसची खूण पुन्हा पाहायचीच. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवली तर काही मॉड्यूल जळतात. आणि ती जातात तेव्हा पूर्वसूचना देत नाहीत, म्हणून काढलेले पॉइंट, कंडेन्सर, त्यांचे ते बारके स्क्रू, एक बल्ब आणि हातभर वायर पिशवीत घालून गाडीतच ठेवा.